पाहुण्याचे वाहन

उन्हाळ्याची सुटी जवळ येऊ लागली की आपल्याकडील सुखवस्तू घरांतून परदेशच्या सफरीचे बेत शिजू लागतात, आणि त्यांत इटलीचे नाव निघाले की एक वाद हटकून उपस्थित होतो. तरुण मंडळी म्हणतात, विमानतळावरच मोटार भाड्याने घ्यावी, मनास येईल तेथे थांबावे, मनास येईल तेव्हा निघावे. वडीलधारी मंडळी म्हणतात, परमुलखात, तेही रस्त्याच्या उजव्या बाजूने, गाडी हाकण्याचा उपद्व्याप सांगितला आहे कोणी? त्यापेक्षा आगगाडी आहे, बसगाडी आहे. या वादाचा निकाल बहुधा कागद-पेन्सिल घेऊन लावला जातो. इतके भाडे, इतका पथकर, इतके तास. ज्या बाजूची बेरीज कमी भरेल ती बाजू जिंकते. प्रश्न हिशेबाचा आहे याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत असते, आणि आमचे भांडण आहे ते या एकमताशीच. प्रवासाचे वाहन निवडताना मनुष्य आणखीही काही निवडीत असतो. परक्यांच्या गावात आपण कोणत्या रीतीने शिरणार, तेथे किती जागा अडवणार, आणि आपल्या सोयीचा भार कोणाच्या खांद्यावर टाकणार, हे तो नकळत ठरवून टाकतो. म्हणून हा प्रश्न नीतीच्या कक्षेत येतो असे आम्हांस वाटते, आणि त्याच दृष्टीने त्याचा येथे थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

प्रथम हिशेबाचे काय ते उरकून घेऊ. कारण नीतीच्या नावाखाली व्यवहाराकडे डोळेझाक करणे हाही एक अप्रामाणिकपणाच होय. रोम, फ्लॉरेन्स, बोलोन्या, मिलान, नेपल्स ही मोठी शहरे वेगवान आगगाड्यांनी अशी जोडली गेली आहेत की तेथे मोटारीने बरोबरी करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. रोम व फ्लॉरेन्स यांमधील नव्या सरळ लोहमार्गाचा पहिला टप्पा १९७७ साली खुला झाला, १९९२ साली तो मार्ग पुरा झाला, आणि आज हे अंतर सुमारे दीड तासात कापले जाते. २०१२ सालापासून सरकारी गाड्यांच्या जोडीस एका खासगी कंपनीच्या गाड्याही धावू लागल्या, आणि आगाऊ तिकीट काढणाऱ्यास भाडे पुष्कळदा स्वस्त पडते. उलटपक्षी, चौघांचे कुटुंब तोस्कानाच्या डोंगराळ भागात आठवडाभर राहणार असेल, तर चार तिकिटांच्या मानाने एक मोटार महाग पडेलच असे नाही. मात्र मोटारीच्या खर्चात पथकर, पेट्रोल, गाडी उभी करण्याच्या जागेचे शुल्क, विमा आणि क्रेडिट कार्डावर अडकून पडणारी अनामत ही सर्व धरावी लागतात. शिवाय भारतीय परवान्याच्या जोडीस आपल्या आर. टी. ओ. कचेरीतून मिळणारा, एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो तो वेगळाच. सारांश, शहरांपुरता आगगाडीचा पक्ष बळकट, आडवळणाच्या खेड्यांपुरता मोटारीचा, आणि या दोहोंमधील मोठ्या प्रदेशात पारडी जवळजवळ समतोल. जेथे पैशाचा काटा असा मध्यावर उभा राहतो, तेथे निवड कशाच्या बळावर करावयाची? आमचा प्रश्न तेथून सुरू होतो.

मोटारीच्या बाजूने जो शब्द सर्वांत आधी पुढे केला जातो तो स्वातंत्र्य. या शब्दाचे आणि मोटारीचे लग्न इटलीइतक्या थाटात क्वचितच दुसऱ्या देशाने लावले असेल. २० फेब्रुवारी १९०९ रोजी मारिनेत्ती या कवीने पॅरिसच्या 'फिगारो' पत्रात भविष्यवादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला, आणि शर्यतीची धावती मोटार ही पंख पसरलेल्या ग्रीक विजयदेवतेच्या पुतळ्याहून सुंदर असल्याचे त्यात ठासून सांगितले. त्याच मजकुरात आपली मोटार खड्ड्यात उलटल्याची हकीकतही तो मोठ्या उत्साहाने सांगतो; आणि ती उलटली का, तर वाटेत दोन सायकलस्वार आले म्हणून! पुढे १९२४ साली मिलानहून सरोवरांच्या प्रदेशाकडे जाणारा, केवळ मोटारींसाठी राखलेला रस्ता खुला झाला. १९५७ साली फियाट कंपनीची चिमुकली 'पाचशे' मोटार निघाली, आणि १९६४ साली मिलान ते नेपल्स हा साडेसातशे किलोमीटरांहून लांब 'सूर्याचा रस्ता' पुरा झाला. युद्धाने पिचून निघालेल्या देशातील कारकुनास व कामगारास प्रथमच असे वाटू लागले की, आपणही रविवारी बायकामुलांसह समुद्रावर जाऊ शकतो. या आनंदास हसण्याचा अधिकार कोणास नाही. आजही त्या देशात दर हजार माणसांमागे साडेसहाशेंहून अधिक मोटारी आहेत. तेव्हा इटालियन मनुष्य आगगाडीच्या खिडकीशी बसून काव्य करीत असतो असल्या कल्पनेस आपण थारा देऊ नये.

परंतु त्या भरभराटीच्या ऐन काळातच, १९६२ साली, दीनो रीझी या दिग्दर्शकाने 'ईल सोर्पासो' हा चित्रपट काढला. या नावाचा अर्थ 'दुसऱ्यास मागे टाकून पुढे जाणे' असा आहे. ऑगस्टच्या सुटीत ओस पडलेल्या रोममध्ये एक बोलघेवडा, बेफिकीर गृहस्थ कायद्याचा अभ्यास करीत बसलेल्या एका लाजाळू विद्यार्थ्यास आपल्या मोटारीत घालून भटकावयास नेतो. विद्यार्थी हळूहळू मोकळा होतो, त्यास जगण्याची गोडी लागते, आणि शेवटी अशाच एका पुढे जाण्याच्या खटाटोपात अपघात होऊन तो प्राणास मुकतो; गाडी हाकणारा मात्र वाचतो. चित्रपटाचे तात्पर्य सांगत बसणे हे रसिकपणाचे लक्षण नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही त्यातील एक गोष्ट आमच्या विषयास लागू पडते. स्वातंत्र्य एकाचे असते आणि त्याची किंमत पुष्कळदा शेजारच्या आसनावर बसलेला देतो.

आपल्या कुटुंबाच्या सहलीत हा न्याय बहुधा उलट्या बाजूने लागू होतो. मोटारीत चौघे बसतात. त्यांपैकी तिघांस डोंगर दिसतात, द्राक्षांचे मळे दिसतात, सुरूच्या झाडांच्या रांगा दिसतात. चौथ्यास पुढील गाडीचा मागचा दिवा दिसतो. अरुंद घाट, सवयीच्या उलट बाजूने चालणारी रहदारी, पाठीस लागलेला एखादा घाईचा स्थानिक मोटारवाला, आणि वेगमर्यादा मोजणारी यंत्रे, या सर्वांचा ताण तो एकटा सोसतो. संध्याकाळी बाकीचे गप्पांस बसतात तेव्हा तो दुसऱ्या दिवशी गाडी कोठे उभी करावी याचा शोध घेत असतो. हा चौथा बहुधा घरचा कर्ता पुरुष असतो, अलीकडे पुष्कळदा मुलगी किंवा सून असते. आपण सारे स्वतंत्र झालो असे म्हणताना त्या एकाची सुटी आपण खर्ची घातली आहे, हे कुटुंबाने निदान उघडपणे बोलून दाखवावे. ज्यास गाडी हाकण्यातच सुख आहे त्याची गोष्ट निराळी. पण ते सुख आहे की कर्तव्य, हे त्यालाच विचारून घ्यावे.

तर मग आगगाडी ही सद्गुणाची मूर्ती असे समजावे काय? तसेही नाही. १८४६ साली व्हेनिसला मुख्य भूमीशी जोडणारा आगगाडीचा पूल झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८४९ साली, त्याच नगरीवर जीव टाकणाऱ्या रस्किन या इंग्रज लेखकाने वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथात आगगाडीवर कडक टीका केली. तिच्या योगे प्रवाशाचे माणूसपण जाऊन तो एक जिवंत गाठोडे बनतो, असा त्याचा आक्षेप होता. आज आपण मोटारीवर जे दोष लादतो, म्हणजे घाई, उथळ दर्शन, मुलखाशी संबंध न येणे, ते सर्व दोष त्या काळी सुज्ञ लोकांनी आगगाडीवर लादले होते. घोडागाडीवाल्यास आगगाडी उर्मट वाटली, आगगाडीवाल्यास मोटार उर्मट वाटते, आणि मोटारवाल्यास उद्या आणखी कशाचा तरी संताप येईल. यावरून एवढे ध्यानात घ्यावे की, वाहनास स्वतःचे पुण्य किंवा पाप नसते. त्याचा उपयोग कोणत्या जागी, किती, आणि कोणाच्या मध्ये होतो यावर त्याचा बरेवाईटपणा अवलंबून असतो. म्हणून वाहनाकडून आपण आता जागेकडे वळू.

मध्य इटलीतील जुनी नगरे डोंगरमाथ्यांवर वसली, ती चाकासाठी नव्हे. शत्रूपासून बचाव व्हावा म्हणून ती उंचावर बांधली गेली, आणि त्यांच्या गल्ल्या माणसे व खेचरे यांच्या मापाने आखल्या गेल्या. ओर्व्हिएतोचे स्थानक पायथ्याशी आहे आणि तेथून कड्यावर दोराने ओढली जाणारी गाडी चढते. पेरुजा येथे २००८ सालापासून लहान लहान डबे आपोआप डोंगर चढत असतात. सान जिमिन्यानो या मनोऱ्यांच्या गावास आगगाडी नाहीच. पोज्जीबोन्सी येथे उतरून बस धरावी लागते. अशा गावात भाड्याच्या शंभर मोटारी एका सकाळी शिरल्या तर म्हातारीने भाजी आणावयास जावे कोठून आणि मुलांनी चेंडू खेळावा कोठे? सिएनासारख्या नगराने १९६० नंतरच्या दशकातच आपला मधला भाग मोटारींना बंद केला, आणि आज इटलीतील बहुतेक जुन्या नगरांच्या वेशीवर मर्यादित रहदारीच्या क्षेत्राची पाटी लागलेली असते. परवानगीवाचून जो आत शिरेल त्याच्या गाडीचा क्रमांक कॅमेरा टिपून घेतो. दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी मुंबई-पुण्याच्या पत्त्यावर येते, आणि आपले नाव-पत्ता कळविल्याबद्दल मोटारकंपनी आपले शुल्क आधीच कापून घेते.

आमच्याकडील प्रवासी या दंडास सापळा म्हणतात. आडबाजूस लावलेल्या पाट्या पाहता तो राग अगदीच निराधार आहे असे नाही. तथापि त्या पाटीचा मजकूर नीट वाचला तर ती रहिवाशांनी पाहुण्यास केलेली विनंती आहे, आणि विनंती ऐकली गेली नाही म्हणून तिचा हुकूम झाला आहे. आपल्या भाषेत पाहुण्यास अतिथी म्हणतात, आणि या शब्दाचा अर्थ ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, असा करण्याची आपली परंपरा आहे. त्यास देवासमान मानावे असेही आपण लहानपणापासून ऐकतो. पण हा उपदेश यजमानास आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. न सांगता आलेल्या पाहुण्याने यजमानाच्या पानावरचे किती खावे, हे सांगण्याचे काम शास्त्राने पाहुण्याच्या विवेकावर सोपविले. मोटार ही मनुष्यास शब्दशः अतिथी बनविते. तिला वेळ नाही, वार नाही. आगगाडीने येणारा तिथी घेऊन येतो, ठरल्या वेळी येतो, ठरल्या जागी उतरतो, आणि वेशीपासून पुढे पायी चालतो. जागा टंचाईची असेल तेथे या दोन पाहुण्यांत कोणता सोयीचा, हे यजमानास विचारण्याची गरज पडू नये.

येथे एक मार्मिक आक्षेप निघण्याजोगा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. आगगाडीने व बसने जाणारा पाहुणा जागा अडवीत नाही काय? चिंक्वे तेर्रे या समुद्रकाठच्या पाच गावांस पर्यटक आगगाडीनेच जातात, आणि मोसमात त्या गाड्यांत इतकी खेचाखेच होते की तेथल्याच माणसास घरी जाण्यास जागा मिळू नये. आमाल्फीच्या किनाऱ्यावर मोटारी इतक्या वाढल्या की २०२२ सालापासून मोसमातील ठरावीक दिवशी, गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा सम की विषम हे पाहून प्रवेश देण्याचा नियम करावा लागला. पण म्हणून तेथल्या बसगाड्या रिकाम्या धावतात असे नाही. व्हेनिसमध्ये मोटार शिरूच शकत नाही, तरी २०२४ साली त्या नगरीस दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांवर प्रवेशशुल्क बसवावे लागले. तेव्हा तिकीट काढून बसलो एवढ्याने आपण निष्पाप झालो, असे कोणी समजू नये.

याच आक्षेपाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. सार्वजनिक वाहन जेथे जाते तेथेच सर्व पाहुणे जातात, आणि जेथे ते जात नाही तो मुलूख विसरला जातो. कार्लो लेव्ही या चित्रकार-लेखकास फॅसिस्ट सरकारने १९३५ साली दक्षिणेतील लुकानिया प्रांतात स्थानबद्ध केले. त्या अनुभवावर त्याने लिहिलेला ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. 'ख्रिस्त एबोलीपर्यंतच आला' हे त्याचे नाव. एबोली हे ते गाव, जेथे रस्ता व लोहमार्ग समुद्रकिनारा सोडून आतील ओसाड मुलखाकडे वळतात. आतील लोकांच्या समजुतीप्रमाणे धर्म, राज्य, सुधारणा ही सर्व तेथेच थबकली होती. त्याच प्रांतातील मातेरा हे गुहाघरांचे नगर २०१९ साली युरोपची सांस्कृतिक राजधानी झाले, तेव्हाही देशाच्या मुख्य लोहमार्गाशी ते जोडलेले नव्हते. बारीहून येणारी अरुंदमापी गाडी तेवढी होती. अशा प्रदेशात जो पाहुणा मोटार घेऊन जातो, एखाद्या खेड्यात दोन रात्री राहतो, तेथील खानावळीत जेवतो, तो कोणाची वाट अडवीत नाही. उलट फ्लॉरेन्सच्या गर्दीतील एक माणूस तो कमी करतो. येथे मोटारीचा पक्ष सोयीचा राहत नाही, न्यायाचा होतो.

आम्हां मराठी वाचकांस जवळचे असे एक उदाहरण देतो. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर पाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक कामी आले. त्यांत मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे हे एक. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, हा बावीस वर्षांचा जवान. १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्याखाली तुकडीतील बहुतेक सोबती पडले असता त्यांनी एकट्याने पुढे धाव घेऊन ते ठाणे मोडले, आणि तेथेच लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने त्यांचा अंत झाला. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. २०२३ साली त्या खोऱ्यावरील मोंतोने या डोंगरगावात त्यांच्या नावाचे, छायाघटिकेच्या रूपाचे स्मारक उभारले गेले. इटलीस जाणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबातील ऐंशीच्या घरातल्या आजोबांस ते पाहावेसे वाटले, तर काय करावे? पेरुजापर्यंत आगगाडी आहे. तेथून खोऱ्यात जाणारा लहान लोहमार्ग २०१७ साली दुरुस्तीसाठी काही काळ बंदच पडला होता. तो चालू असला तरी पुढे डोंगर चढावा लागतो, आणि अशा गावांच्या बसगाड्या शाळेच्या व बाजाराच्या वेळा धरून धावतात. रविवारी पुष्कळदा धावतच नाहीत. या ठिकाणी तत्त्वाच्या हट्टापायी आजोबांस खाली बसवून ठेवणे हे आम्हांस कोणत्याच नीतीत बसणारे दिसत नाही. मोटार घ्यावी, निःशंक घ्यावी, आणि वेशीबाहेर उभी करून शेवटची चढण त्यांचा हात धरून चढावी.

या उदाहरणाने आमच्या विचारास कसोटी मिळते. गाडी फुकट धावत नाही. तिच्या धुराचा, तिच्या जागेचा, तिच्या धोक्याचा वाटा कोणाच्या तरी पदरात पडतोच. तो वाटा उचलणाऱ्यास त्या बदल्यात काही मिळते काय, आणि आपणांस तो पर्याय खरोखर दुसरा नाही म्हणून घ्यावा लागतो, की केवळ पन्नास परक्या माणसांबरोबर उभे राहणे नकोसे वाटते म्हणून आपण तो घेतो? मोटारीच्या मोहात या दुसऱ्या कारणाचा अंश आपण कबूल करतो त्याहून मोठा असतो. आपल्या देशात ज्यांनी वर्षानुवर्षे गर्दीच्या गाड्यांतून दिवस काढले, त्यांस परदेशी तरी चार दिवस गर्दीवाचून काढावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गर्दीपासून सुटका आणि माणसांपासून सुटका या दोन गोष्टी भिन्न आहेत. प्रादेशिक आगगाडीत कामावरून परतणारी परिचारिका, वह्या सांभाळणारी मुले, बाजाराच्या पिशव्या घेतलेली आजी ही सर्व भेटतात. मोटारीच्या काचेतून या मंडळींचा देश दिसतो, मंडळी दिसत नाहीत.

संपाचा अनुभव हा या दृष्टीने शिकविणारा आहे. इटलीत आगगाड्यांचे संप वरचेवर होतात, आणि आपला प्रवासी त्यावेळी संतापाने लाल होतो. १९९० सालच्या कायद्याने अशा संपातही काही सेवा चालू ठेवणे बंधनकारक केले आहे. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि सायंकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्या लागतात. या वेळा पर्यटकांच्या सोयीने ठरलेल्या नाहीत. नोकरीवर जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या सोयीने ठरल्या आहेत, आणि तेच रास्त आहे. संपकऱ्याचा हक्क, नोकरदाराची निकड आणि पाहुण्याची हौस यांचा क्रम एका समाजाने विचारपूर्वक लावला, त्यात आपण तिसरे आलो. ज्याने हा तिसरा क्रमांक हसतमुखाने पत्करला, त्यास इटलीची ओळख अधिक झाली, असे आम्ही म्हणू.

तेव्हा आमचा निर्णय असा. शहराहून शहरास आगगाडीने जावे. त्यात पैसाही वाचतो, सर्वांची सुटीही साधते आणि कोणाची वाटही अडत नाही. जेथे बस जात नाही, किंवा बरोबरच्या वृद्धास अथवा अपंगास ती झेपत नाही, तेथे लागतील तेवढ्याच दिवसांपुरती मोटार घ्यावी, आणि जुन्या गावाच्या वेशीबाहेर ती सोडावी. तेथल्या माणसास ज्या गैरसोयीतून सुटता येत नाही, तिच्यातून पैशाच्या बळावर स्वतःस सोडवून घेण्यापूर्वी आपली सुटका त्याच्या गळ्यात तर पडत नाही ना, एवढे पाहावे. पडत नसेल तर संकोच बाळगण्याचे कारण नाही. हा नियम इटलीस जाणाऱ्यासाठी सांगितला. वाचक इटलीस जावोत अथवा न जावोत, माथेरानच्या पायथ्याशी किंवा कोकणातल्या एखाद्या आळीच्या तोंडाशी मोटार उभी करताना तो आठवला तरी आमचे लिहिणे वाया गेले असे आम्ही समजणार नाही.